कुटुंबवैद्याची उमेदवारी आणि तिचे वेतन

वैद्यकाची पदवी घेतलेला तरुण कुटुंबवैद्य होण्यासाठी उमेदवारी करतो, तेव्हा तो विद्यार्थी असतो की नोकर? प्रश्न वरवर शाब्दिक वाटतो. परंतु त्याचे वेतन कोणी व कोणत्या तत्त्वावर द्यावे, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून असते. या दृष्टीने इंग्लंडमधील व्यवस्था अभ्यसनीय आहे.

तेथे १९४८ साली राष्ट्रीय आरोग्य सेवा स्थापन झाली, तरी बहुतेक कुटुंबवैद्य तिचे पगारदार झाले नाहीत. सेवेशी करार करून आपला दवाखाना चालविणारे स्वतंत्र व्यावसायिकच ते राहिले. अशा व्यावसायिकाने साहाय्यक ठेवल्यास त्याचा पगार हा दवाखान्याचा खर्च होतो, आणि तो खर्च कामाच्या रूपाने वसूल करावा असे मालकास वाटणे स्वाभाविक आहे. शिक्षण मागे पडण्याचा धोका उद्भवतो तो येथेच. म्हणून प्रशिक्षणातील उमेदवाराच्या वेतनाचा भार आरोग्य सेवेच्या निधीवर ठेवण्यात आला, आणि शिकविणाऱ्या वैद्यास निराळे अनुदान मिळू लागले. पुढे १९७६ च्या कायद्याच्या आधारे हे प्रशिक्षण सक्तीचे झाले. १९८२ पासून तीन वर्षांचा पूर्ण क्रम अनिवार्य ठरला.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. या तीन वर्षांपैकी काही काळ उमेदवार रुग्णालयात असतो, काही काळ दवाखान्यात. रुग्णालयात रात्रपाळी व जादा तास यांमुळे मूळ वेतनात भर पडते. दवाखान्यातील काम मुख्यतः दिवसाचे. अर्थात जो विषय शिकावयाचा, त्याच्या प्रत्यक्ष कर्मभूमीत पाऊल टाकताच मिळकत घटावी, असा विपरीत प्रकार होतो. त्यावर उपाय म्हणून दवाखान्यातील कालावधीत मूळ वेतनावर ठरावीक टक्के पूरक भत्ता देण्यात येई. हे प्रमाण एके काळी ६५ टक्के होते. ते क्रमाने ४५ टक्क्यांवर आले. २०१६ च्या करारात टक्केवारीची पद्धत जाऊन त्याच कालावधीसाठी निश्चित वार्षिक रकमेचा भत्ता आला.

या भत्त्यास केवळ प्रलोभन म्हणणे युक्त नव्हे. वेतनरचना रुग्णालयाच्या कामाच्या मापाने बेतलेली असल्यामुळे कुटुंबवैद्यकाच्या वाट्यास जी उणीव येते, तिची ती भरपाई आहे. उमेदवाराचे वेतन गुरूच्या मिळकतीवर अवलंबून नसावे आणि निवडलेल्या शाखेमुळे ते घटू नये, ही दोन तत्त्वे या व्यवस्थेतून निष्पन्न होतात. पहिले ढळल्यास शिकणारा स्वस्त मजूर ठरतो; दुसरे ढळल्यास त्या शाखेकडे वळणाराच दुर्मिळ होतो.