बाहुली मार खाते तेव्हा

आज उदाहरण घेऊ या एका खेळातलं. पोकेमॉन हा जपानी व्हिडिओ गेम १९९६ साली आला. त्यात दोन प्राणी झुंजतात. प्रत्येक फेरीत दोन्ही खेळाडू आपापली चाल एकदमच ठरवतात, त्यामुळे समोरचा काय करणार ते आधी कळत नाही.

त्यात ‘सबस्टिट्यूट’ नावाची एक चाल पहिल्यापासून आहे. प्राणी आपल्यापुढे एक बाहुली उभी करतो आणि मार ती खाते. जपानीत या चालीला ‘मिगावारी’ म्हणतात, म्हणजे एकाच्या जागी दुसऱ्यानं उभं राहणं. नारा शहराच्या जुन्या वस्तीत घरांच्या वळचणीला लाल कापडी माकडं टांगतात, घरावरचं संकट त्यांनी झेलावं म्हणून. त्यांच्याही नावात हाच शब्द आहे.

पण इथे सुंठीवाचून खोकला जात नाही बरं का! बाहुलीसाठी प्राण्याला आपल्या पूर्ण शक्तीचा चौथा हिस्सा द्यावा लागतो. समजा, शक्ती ४०० आहे. १०० दिले, उरले ३००. बाहुलीत १०० आले. आता २५० चा घाव बसला तर बाहुली फुटते, पण वरचे १५० वाया जातात, प्राण्याला लागत नाहीत. आपल्याकडे म्हणतात ना, जिवावरचं शेपटीवर निभावलं, तसं. विष, झोप असले बहुतेक प्रयोगही बाहुलीपाशीच अडतात.

आता गंमत बघा. ४०० शक्ती असेल तर बाहुल्या तीनच होतात. चौथीसाठी सगळाच जीव द्यावा लागेल, आणि ते खेळात चालत नाही. ४०१ असेल तर मात्र चौथीही होते आणि मागे १ उरतो. संरक्षण देणारा कुणीतरी मागे शिल्लक हवा, एवढाच त्याचा अर्थ.

आणखी एक. २०१३ च्या ‘एक्स’ आणि ‘वाय’ या खेळांपासून आवाजाचे हल्ले बाहुलीला ओलांडून थेट प्राण्याला लागतात. म्हणजे आड सगळ्यालाच पुरत नाही.

मग या व्यवहारात मिळालं काय? मिळाली एक फेरी. समोरच्याची चाल बाहुलीवर खर्च झाली. ती फुटली नाही, तर पुढच्या फेरीत आपण तिच्याआडून वार करू शकतो. पण दर फेरीला नुसती नवी बाहुलीच उभी करत राहिलो, तर समोरच्यानं अंगाला हात न लावता आपण आपल्याच हातानं संपत जातो. आड घेतलेल्या वेळात आपण काय करतो, त्यावरच त्या आडाची किंमत ठरते.