विमानाचा विमा – भाग ५ : अपघात की युद्धजोखीम?

मागच्या भागात आपण त्रयस्थांच्या हानीची जबाबदारी पाहिली. २८ जून २०१८ रोजी घाटकोपरच्या भरवस्तीत छोटे विमान कोसळले, तेव्हा विमानातल्या चौघांबरोबर रस्त्याने जाणाऱ्या एका पादचाऱ्याचाही जीव गेला. अशा माणसाच्या घरच्यांना जे देणे लागते, ते त्या विभागात येते. आज खुद्द विमानाच्या नुकसानीकडे वळू. या धंद्यात त्याला ‘हल’चा विमा म्हणतात.

इथे रक्कम आधीच ठरवून पॉलिसीत लिहिलेली असते. विमान पूर्ण नष्ट झाले की बाजारभावाचा घोळ न घालता तेवढी रक्कम द्यायची. मालकाला हे सोयीचे वाटते आणि बहुतेक जण इथेच वाचन थांबवतात. खरी मेख पुढच्या पानांवर असते.

‘ऑल रिस्क’ पॉलिसीला सहसा ‘एव्हीएन ४८बी’ हे कलम जोडलेले असते. युद्ध, दंगल, संप, घातपात, अपहरण आणि सरकारी जप्ती या कलमाने वगळल्या जातात. त्यांच्यासाठी ‘हल वॉर’ हे वेगळे संरक्षण घ्यावे लागते. त्याचे विमाकर्ते बहुधा वेगळे असतात आणि वर्षभरात एकूण किती द्यायचे याला कमाल मर्यादाही असू शकते. प्रीमियम वाचवायला लहान मालक हेच संरक्षण गाळतात. माझ्या मते ही काटकसर अंगाशी येणारी आहे, कारण उभ्या विमानाला दंगलीत कुणी आग लावली तर तीही याच खात्यात मोडते.

२०१४ साली मलेशिया एअरलाइन्सची एकाच जातीची दोन बोइंग ७७७ विमाने गेली. जुलैत युक्रेनवर एमएच १७ क्षेपणास्त्राने पाडले गेले. ते सरळ युद्धजोखमीत बसले. मार्चमध्ये बेपत्ता झालेल्या एमएच ३७०चे काय झाले, हे मात्र कुणालाच सांगता येत नव्हते. अशा वेळी ‘पन्नास-पन्नास’ कलम कामी येते. दोन्ही बाजूंचे विमाकर्ते आधी निम्मी-निम्मी रक्कम देतात आणि आपसातला वाद नंतर मिटवतात. मालकाचे पैसे त्यापायी अडकून पडत नाहीत.

वर्गवारीवर किती पैसा अवलंबून असतो, हे रशियाने दाखवले. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर युरोपीय संघाने निर्बंध लादले. रशियन कंपन्यांशी असलेले भाडेकरार २८ मार्चपर्यंत मोडायचे होते. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात रशियाने विमाने देशाबाहेर नेण्यास बंदी घातली आणि परदेशी मालकांची चारशेंहून अधिक विमाने तिथेच अडकली. विमानांना ओरखडाही नव्हता, पण ती मालकाच्या हातून गेली होती. आयर्लंडच्या एअरकॅपने ऑल रिस्कखाली सुमारे साडेतीन अब्ज डॉलर मागितले. ते न जमल्यास युद्धजोखमीखाली, जिथे मर्यादा १.२ अब्जांची होती. ११ जून २०२५ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला : १० मार्च २०२२च्या रशियन आदेशामुळेच विमाने गेली, म्हणून ही युद्धजोखीम. एअरकॅपच्या पदरात एक अब्जाहून थोडे अधिक पडले. विमाने तीच, दिवसही तोच, पण खाते बदलले आणि मागणीचा मोठा हिस्सा गेला.

त्यामुळे मालकाने दोन्ही पॉलिसी शेजारी-शेजारी ठेवून वाचाव्यात. ठरलेली किंमत दोन्हींत सारखी आहे का? मुदत एकाच दिवशी संपते का? पन्नास-पन्नास कलम (एव्हीएस १०३) दोन्हींत आहे का? एकीत असून दुसरीत नसेल, तर ते निरुपयोगी. युद्धजोखमीचे संरक्षण विमाकर्त्याला अवघ्या सात दिवसांच्या सूचनेवर काढून घेता येते, हेही लक्षात असू द्या. नेमके तणाव वाढल्यावर हे संरक्षण महागते किंवा जाते.

जप्तीबाबत एक अट सहज नजरेतून निसटते. प्रचलित ‘एलएसडब्ल्यू ५५५डी’ मसुद्यात थकलेल्या देण्यांमुळे झालेल्या जप्तीला भरपाई नाही. सेवाकर खात्याने थकबाकीपोटी विजय मल्ल्यांचे एअरबस ए-३१९ जप्त करून मुंबईत त्याचा लिलाव केला. या जातीची जप्ती ‘हल वॉर’च्या बाहेरच राहते. विमानतळाचे पार्किंगचे बिल थकवून विमान अडकवून घेणाऱ्यालाही हेच लागू.

पुढील आठवड्यात प्रवाशांची भरपाई आणि माँट्रियल करार.