बोनेअर: पिवळ्या दगडापलीकडचा समुद्र

व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून साधारण ८० किलोमीटर उत्तरेला, कॅरिबियन समुद्रात बोनेअर नावाचे २८८ चौरस किलोमीटरचे बेट आहे. २०१० पासून ते नेदरलँड्सची विशेष नगरपालिका आहे. लोक आपसांत पापियामेंतु बोलतात, व्यवहार अमेरिकन डॉलरमध्ये चालतो. जमीन कोरडी, निवडुंगाची. दक्षिणेला मिठागरे आणि त्यांत चरणारे फ्लेमिंगो; जवळच १८५० साली मीठ काढणाऱ्या गुलामांसाठी बांधलेल्या, माणसाला वाकूनच आत शिरावे लागेल अशा बुटक्या झोपड्या. माडांच्या सावलीतली लांबच लांब पुळण शोधत आलेला पर्यटक इथे निराश होईल. इथली दौलत पाण्याखाली आहे, आणि क्रालेंडाइक या राजधानीचे नावही प्रवाळाच्या डच शब्दावरूनच आले आहे. ही दौलत निसर्गाने दिली हे खरेच. पण गेल्या साठ वर्षांचा हिशेब मांडला तर ती टिकवली नियमांनी, आणि त्या नियमांचा खर्च उचलणाऱ्या पाहुण्यांनी.

बोनेअरची डायव्हिंगची सुट्टी होडीवर अवलंबून नसते, हे तिचे वेगळेपण. वारा जवळजवळ वर्षभर पूर्वेकडून वाहतो, त्यामुळे पश्चिम किनारा आडोशाला राहतो आणि पाणी शांत असते. प्रवाळभित्तीही किनाऱ्याला लागूनच आहे. पाच-सहा जणांचा गट भाड्याच्या पिकअपमध्ये हवेच्या टाक्या टाकतो आणि किनाऱ्याच्या रस्त्याने निघतो. रस्त्याकडेला पिवळा रंगवलेला दगड दिसला, त्यावर जागेचे नाव असले, की तिथे उतरायचे. जोडीदार एकमेकांचे पट्टे, वजने आणि हवेचा दाब तपासतात. जाड तळव्याचे बूट घालून प्रवाळाच्या खडबडीत तुकड्यांवरून, एकमेकांचा हात धरत, पाण्यात जायचे आणि कमरेइतक्या पाण्यात फिन चढवायचे. थोडे पोहले की तळ एकदम उतरतो आणि भित्ती सुरू होते. अशा खुणा केलेल्या ऐंशीहून अधिक जागा या बेटावर आणि समोरच्या क्लेन बोनेअर या निर्मनुष्य बेटाभोवती आहेत. त्यांत १९८४ साली बुडालेले, आता सुमारे ३० मीटर खोलीवर कुशीवर पडलेले ‘हिल्मा हूकर’ हे मालवाहू जहाजही आहे.

एवढी मोकळीक देऊनही समुद्र ओरबाडला गेला नाही, कारण मोकळीक येण्याआधी शिस्त आली होती. कासवांची अंडी आणि घरटी यांना इथे १९६१ मध्येच संरक्षण मिळाले. १९७१ मध्ये पाण्याखाली भाल्याने मासे मारण्यावर आणि १९७५ मध्ये प्रवाळ काढण्यावर बंदी आली. १९७९ मध्ये भरतीरेषेपासून ६० मीटर खोलीपर्यंत बेटाभोवतीचा सगळा पट्टा सागरी उद्यान झाला. १९६२ साली शिडाच्या जहाजातून आलेल्या कॅप्टन डॉन स्टुअर्ट या अमेरिकन माणसाने होड्या बांधण्यासाठी कायमचे बोये बसवण्याचा आग्रह धरला, कारण एकदा टाकलेला नांगर शेकडो वर्षे वाढलेले प्रवाळ क्षणात मोडतो. मात्र या इतिहासातला सर्वांत बोलका काळ अपयशाचा आहे. सुरुवातीची देणगी संपली आणि १९८०च्या दशकाच्या मध्यापासून काही वर्षे हे उद्यान कागदावरच उरले. ते पुन्हा उभे राहिले आणि १९९२ मध्ये प्रत्येक डायव्हरकडून वर्षाला १० डॉलर घ्यायला सुरुवात झाली. आज हे शुल्क ४० डॉलर आहे. गस्त, बोये, देखभाल यांना हक्काचा पैसा मिळाला, तेव्हाच कायद्याला हातपाय फुटले.

डायव्हरच जास्त झाले तर हेच पर्यटन भित्तीच्या मुळावर येईल, हा आक्षेप रास्त आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बोनेअरवरच झालेल्या अभ्यासाने एका जागेसाठी वर्षाला सुमारे चार ते सहा हजार डाइव्ह ही मर्यादा सुचवली होती. त्यापुढे हानी दिसू लागते. म्हणून संख्येइतकेच वागणेही महत्त्वाचे. इथे पहिल्या डाइव्हआधी नियम समजावून घ्यावे लागतात आणि शांत जागी पाण्यात तोल सांभाळून दाखवावा लागतो. हातमोज्यांना मनाई आहे, कारण मोजा चढला की हात आपोआप प्रवाळाला धरतो. अनुभवी डायव्हर हात छातीशी घेऊन आडवा तरंगतो. त्याच्या फिनने वाळूसुद्धा उडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. समुद्र तापतो आहे. २०२३ मध्ये बोनेअरचे प्रवाळही पांढरे पडले आणि त्याच वर्षी कठीण प्रवाळांना मारणारा रोगही इथे पोचला. मग स्थानिक नियमांचा उपयोग काय? उपयोग एवढा, की आजारातून उठण्याची ताकद शिल्लक राहते. पोपटमासा प्रवाळावरचे शेवाळ खरवडून खातो. पाण्याखाली त्याच्या दातांचा करकर आवाज स्पष्ट ऐकू येतो. त्याने साफ केलेल्या जागेवरच प्रवाळाची नवी पिल्ले रुजतात. बोनेअरने २०१० मध्ये या माशाच्या पकडीवर बंदी घातली. उष्णतेची लाट एकट्या बेटाला थोपवता येणार नाही, पण लाटेनंतर सावरणाऱ्या भित्तीची मशागत त्यालाच करावी लागेल. किनाऱ्यावरची वाढती बांधकामे आणि सांडपाणी यांनाही हीच कठोर शिस्त लागली पाहिजे. फक्त डायव्हरला शिस्त लावून समुद्र वाचत नाही.

मराठी वाचकाला हा प्रश्न दूरचा वाटू नये. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले, आणि तारकर्लीच्या पाण्यात आज कितीतरी मराठी माणसे पहिल्यांदा स्कूबाची टाकी पाठीवर घेतात. तिथे होडीत बसण्याआधी दोनच गोष्टी विचारा: होडी नांगर टाकते की बोयाला बांधते, आणि आपण दिलेल्या पैशांतले किती त्या प्रवाळाच्या वाट्याला जातात.