डॉल्फिन, गॉडझिला, हाचि-रोकू… गाड्यांच्या या टोपणनावांमागे नेमकं काय असतं?

स्पेअर पार्टच्या दुकानात ‘होंडा सिटीचा हेडलाइट द्या’ म्हटलं की समोरून आधी प्रश्न येतो, ‘कुठली सिटी? डॉल्फिन की एएनएचसी?’

आता आरसीवर यातलं काहीच छापलेलं नसतं. मग ही नावं येतात कुठून?

नाव एक, गाड्या अनेक

होंडा सिटी भारतात आली १९९८ मध्ये. २००३ मध्ये पूर्ण नवी सिटी आली. तिच्या आकारामुळे लोकांनी तिला ‘डॉल्फिन’ म्हणायला सुरुवात केली. २००८ मध्ये पुन्हा नवी आली, ती ‘ऑल न्यू होंडा सिटी’, म्हणजेच एएनएचसी. बॉडी, लाइट, बंपर सगळं बदललं, नाव मात्र तेच राहिलं. नुसतं वर्ष सांगूनही भागत नाही, कारण २००८ ची सिटी डॉल्फिन असू शकते आणि एएनएचसीसुद्धा.

कंपनीचे कोड

हा गोंधळ होऊ नये म्हणून कंपन्या प्रत्येक पिढीला वेगळा कोड देतात. बीएमडब्ल्यूची थ्री सीरिज घ्या. ई३०, ई३६, ई४६ या तिच्याच लागोपाठच्या पिढ्या. यातला ‘ई’ आला ‘एंटविकलुंग’ या जर्मन शब्दावरून. त्याचा अर्थ विकास.

टोयोटाच्या एई८६ मध्ये ‘ए’ म्हणजे इंजिनची मालिका, ‘ई’ म्हणजे कोरोला, ‘८’ म्हणजे पाचवी पिढी आणि ‘६’ म्हणजे त्या पिढीतला प्रकार. जपानी चाहत्यांनी शेवटचे दोन आकडे उचलले आणि गाडीला नाव पडलं ‘हाचि-रोकू’, म्हणजे आठ-सहा. हे नाव इतकं रुजलं की २०१२ मध्ये टोयोटाने नव्या स्पोर्ट्स कारचं नावच ‘८६’ ठेवलं.

आणि गॉडझिला?

निसानच्या आर३२ स्कायलाइन जीटी-आरला हे नाव १९८९ मध्ये ‘व्हील्स’ या ऑस्ट्रेलियन मासिकाने दिलं. जपानहून आलेला राक्षस, असा त्याचा रोख. पुढे १९९१ आणि १९९२ मध्ये याच गाडीने ऑस्ट्रेलियातली प्रसिद्ध बाथर्स्ट शर्यत जिंकली आणि नाव कायमचं चिकटलं.

सेकंड हँड गाडी घेताना काय बघायचं?

टोपणनावाने गाडीची पिढी कळते. त्यामुळे पार्ट शोधणं, किमतीची तुलना करणं सोपं जातं. पण टोपणनाव म्हणजे पुरावा नाही. खरी ओळख असते १७ अक्षरं-आकड्यांचा चासी नंबर. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये त्यावरून नेमका पार्ट शोधता येतो.

म्हणून विकणारा ‘डॉल्फिन आहे, एकदम कडक’ म्हणाला, तरी गाडीवर कोरलेला नंबर आणि आरसीवरचा नंबर शेजारी ठेवून वाचा. एक अक्षर जरी जुळलं नाही, तर खुलासा होईपर्यंत पैसे देऊ नका.