ताप उतरतो, पाय गळतात

चवथीचे दिवस जवळ आले की गोव्यात घरोघरी तापाचे अंथरूण पडते. डास चावला, ताप आला, चार दिवसांनी उतरला. एवढ्यावर हा विषय संपतो अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु डासांवाटे येणाऱ्या काही विषाणूंचा सर्वांत घातक परिणाम क्वचित ताप उतरल्यानंतरच दिसू लागतो. याकडे आम्ही वाचकांचे आणि आरोग्य खात्याचेही लक्ष वेधू इच्छितो.

प्रशांत महासागरातील फ्रेंच पॉलिनेशिया या द्वीपसमूहाची लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या आसपास. ऑक्टोबर २०१३ ते एप्रिल २०१४ या काळात तेथे झिका विषाणूची साथ पसरली. झिकाचा ताप बहुधा सौम्य असतो. अंगावर पुरळ, लाल डोळे, थोडी सांधेदुखी. पण त्याच काळात तेथे गुलेन-बॅरी या मज्जाविकाराचे ४२ रुग्ण आढळले. त्यापूर्वी वर्षाकाठी असे तीन ते दहा रुग्ण आढळत. या ४२ जणांपैकी १२ जणांना कृत्रिम श्वासोच्छ्वासाचा आधार द्यावा लागला. तरीही एकही रुग्ण दगावला नाही, हे आवर्जून नमूद केले पाहिजे.

या विकारात विषाणूशी लढण्यासाठी शरीराने उभारलेली फौज चुकून स्वतःच्याच मज्जातंतूंवर तुटून पडते. कुंपणानेच शेत खावे, तसा हा प्रकार. प्रारंभ बहुधा पायांपासून होतो. मुंग्या येतात, जिना चढवत नाही, मग हात उचलत नाहीत. आणि लुळेपणा छातीपर्यंत पोहोचला की श्वास अडतो. डेंग्यू व चिकुनगुन्यानंतरही हा विकार जडल्याच्या नोंदी आहेत. तो विरळा आहे, म्हणून भयभीत होण्याचे कारण नाही. परंतु तापाची कमजोरी समजून तेल चोळत दोन दिवस घालविणे जिवावर बेतू शकते.

झिका आपल्यापासून दूर राहिलेला नाही. २०२१ च्या जुलैत पुरंदर तालुक्यातील बेलसर गावी आणि २०२४ मध्ये पुणे शहरात त्याचे रुग्ण आढळले. त्याचा वाहक असलेला एडिस डास गोव्याला नवा नाही. डेंग्यू पसरविणारा तो हाच. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात गुलेन-बॅरीचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हा मात्र संबंध डासाशी नव्हे, तर प्रामुख्याने दूषित पाण्यातील जीवाणूशी जोडला गेला. कारणे भिन्न, परिणाम एकच. म्हणूनच प्रत्येक लुळेपणाचे मूळ शोधणे अगत्याचे ठरते.

पोलिओविरुद्धच्या लढ्याने देशाला एक चांगली शिस्त लावली. पंधरा वर्षांखालील मुलाचे हातपाय अचानक लुळे पडले की त्याची नोंद होते, तपासणी होते. मात्र घरातल्या कर्त्या माणसाचे पाय गळाले तर त्यासाठी अशी सक्त व्यवस्था नाही. निदान तापाच्या मोसमात तरी प्रौढांच्या लुळेपणाची नोंद अशीच काटेकोर व्हावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. काणकोण वा सत्तरीतील खेड्यातून बांबोळीचे रुग्णालय गाठण्यास वेळ लागतो. गावच्या आरोग्य केंद्रातच हा विकार ओळखला गेला, तर तो वेळ वाया जाणार नाही.

नागरिकांचे कर्तव्यही कमी नाही. एडिस दिवसा चावतो आणि घरच्याच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो. परसातल्या करवंट्या, जुने टायर, झाडांच्या कुंड्यांखालच्या थाळ्या, उघडी पिंपे हीच त्याची माहेरघरे. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात. म्हणून आठवड्यातून एकदा पाणी ओतून भांडे घासणेही आवश्यक आहे. फवारणीची गाडी केव्हा येते याची वाट पाहत बसण्यापेक्षा हे सोपे आहे. चवथीपूर्वी घर झाडून-पुसून लख्ख करणाऱ्या आपल्या समाजाने परसाकडेही तितक्याच आस्थेने पाहावे. पांगळेपण दारी आल्यावर जागे होण्यात शहाणपण नाही.