पाय ठेक्यावर कसा पडतो?

गौरी-गणपतीत पेण-रोह्याकडे फेराचे नाच रंगतात. नवखा मुलगा ढोलकीचा ठेका ऐकून मग पाय उचलतो आणि मागे पडतो. असे का? आवाज ऐकल्यावर हालचाल सुरू व्हायला साधारण ०.१५ ते ०.२ सेकंद लागतात. मुरलेला नाचणारा पुढच्या ठेक्याचा अंदाज आधीच बांधतो.

जपानमध्ये १९९८ साली आलेल्या 'डान्स डान्स रेव्होल्यूशन' या यंत्रावरच्या नाचखेळात पडद्यावर सरकणारा बाण अशी पूर्वसूचना देतो. फेरात ती शेजाऱ्याच्या पावलांतून मिळते.

आपण हे वर्गात पडताळून पाहू. टाळ्या आधी समान अंतराने, मग अनियमित वाजवू. मुलांनी टाळीबरोबर पाय आपटावा. दुसऱ्या वेळी बहुतेक जण मागे पडतील. तेव्हा 'याला तालच नाही' म्हणून कुणाला फेराबाहेर बसवू नये. अंदाज बांधण्याचा सराव फेरातच होतो.