कोपऱ्यावरचं ममाक

क्वालालंपूरला आलेले आपल्याकडचे पाहुणे जुळे मनोरे बघतात, बाटू केव्ह्जच्या 272 पायऱ्या चढतात आणि जेवायला मात्र पंजाबी थाळी शोधतात. मी त्यांना हट्टाने शेजारच्या पेटालिंग जयातल्या आमच्या कोपऱ्यावर नेते. तिथे ममाक आहे, म्हणजे तमिळ मुसलमानांचं उपाहारगृह. प्लास्टिकच्या खुर्च्या थेट फुटपाथवर, डोक्यावर भलेमोठे पंखे, आणि चोवीस तास पेटलेला तवा.

या तव्यासमोर थोडं उभं राहाच. रोटी चानायसाठी मैद्याचे गोळे तेलात माखून तासन्‌तास मुरवलेले असतात. कारागीर गोळा थापतो आणि कोळ्याने जाळं फेकावं तसा हवेत फिरवून ओट्यावर आपटतो. चारदोन फेकींत तो इतका पातळ होतो की खालचा ओटा दिसावा. मग त्याची चौकोनी घडी तव्यावर जाते. भाजून उतरली की दोन्ही हातांनी तिला टाळीसारखं चेपतात, म्हणजे पदर सुटतात. सोबत डाळ, माशाचा रस्सा आणि तिखटगोड संबाल, म्हणजे मिरचीची चटणी. एवढं सगळं साधारण दोन रिंगिटमध्ये!

शेजारी तेह तारिक चालू असतो. कडक चहात कंडेन्स्ड मिल्क घालून तो दोन मगांमध्ये हातभर उंचीवरून वरखाली ओततात. त्याने दूध एकजीव होतं, चहा पिण्याजोगा निवतो आणि वर जाड फेस धरतो. आपल्या जिभेला तो फार गोड लागतो, तेव्हा ‘कुरांग मानिस’ म्हणायचं, साखर कमी. वेटरला हाक ‘बॉस’ नाहीतर ‘अण्णे’.

दुपारी नासी कंदार. पिनांग बंदरात तमिळ मुसलमान फेरीवाले खांद्यावर कावड घेऊन फिरायचे, एकीकडे भात, दुसरीकडे कालवण. कावड गेली, भात राहिला. आता काचेमागच्या पातेल्यांतून चारपाच रस्से त्यावर एकत्र ओततात. वेगवेगळे मागू नका, त्या मिसळण्यातच खरी चव आहे.

पण मला ममाक प्रिय आहे ते तिथे बसणाऱ्या माणसांमुळे. चिनी कोपीतियाममध्ये, म्हणजे कॉफीच्या दुकानांत, बरेचदा डुकराचं मांस असतं, म्हणून मलय शेजारी तिथे सहसा जात नाहीत. ममाकमध्ये सगळं हलाल, शिवाय डोसा आणि डाळही, त्यामुळे मलय, चिनी, तमिळ अशा सगळ्यांना बसता येतं. धर्म आणि भाषा या देशात फार जपल्या जातात. शाळासुद्धा मलय, चिनी, तमिळ अशा वेगळ्या. अशा देशात एकाच टेबलावर चौघांनी चार चवींचं खाणं ही लहान गोष्ट नाही. युरोपातले फुटबॉलचे सामने इथल्या घड्याळात पहाटे 3 च्या सुमारास येतात. तेव्हा मोठ्या पडद्यापुढे हेच चौघे एकत्र ओरडतात. रमजानात त्याच पहाटे सहरीला आलेली कुटुंबं त्यांच्या शेजारी जेवत असतात.

डिसेंबर 2024 मध्ये युनेस्कोने मलेशियाची न्याहारी अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. त्यात रोटी चानाय आणि तेह तारिक आहेत, आणि नासी लमाकही: नारळाच्या दुधात शिजवलेला भात, तळलेल्या बारीक सुक्या मासळ्या, शेंगदाणे, काकडी, अंडं. सकाळी त्याच्या पुड्या टेबलावरच ठेवलेल्या असतात. जेवढ्या उघडाल तेवढ्यांचे पैसे.

शाकाहारी असाल तर विचारून घ्या. संबालमध्ये बहुधा बलाचान, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा, असतो आणि रोटीवर न सांगता माशाचा रस्सा पडू शकतो. ‘फक्त डाळ’ असं आधीच सांगा.

आलात तर एक सकाळ हॉटेलातला फुकटचा नाश्ता सोडा आणि जवळच्या ममाकमध्ये जाऊन बसा. टेबल भरलेलं असेल तर अनोळखी माणसाशेजारची खुर्ची ओढा. तिथे कोणी नाही म्हणत नाही.